उचल, मुकादम आणि नियुक्तीपत्र

बीड जिल्ह्यात नोकरभरतीचा विषय निघाला की चर्चा पोलीस भरती, तलाठी भरती आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका यांभोवतीच फिरते. परंतु जिल्ह्यातील सर्वांत मोठी भरती कोणतीही जाहिरात, परीक्षा वा नियुक्तीपत्र नसताना दरवर्षी पावसाळ्याच्या महिन्यांत गावोगावी पार पडते. ही भरती ऊसतोड कामगारांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, धारूर, वडवणी, केज, परळी अशा तालुक्यांतून लाखोंच्या संख्येने माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेथील फडांत राबतात. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या आधुनिक पद्धतींचा विचार या जिल्ह्याच्या संदर्भात करायचा असेल, तर तो या भरतीपासूनच सुरू करणे क्रमप्राप्त ठरते, कारण भरती आणि प्रशिक्षण यांच्यात काय तुटले आहे हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके ते कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात दिसणार नाही.

या व्यवस्थेची रचना समजून घेतली पाहिजे. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी करतो आणि हंगामाआधी त्याला आगाऊ रक्कम देतो. मुकादम ती रक्कम गावातील कुटुंबांना वाटतो आणि टोळी उभी करतो. या आगाऊ रकमेला उचल म्हणतात. मोजणीचे एकक माणूस नसून कोयता आहे : नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस असल्यास अर्धा कोयता. हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी ठरते आणि ती उचलीतून वळती होत जाते. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या हिशेबात चढते आणि त्या कुटुंबाने पुढच्या वर्षी कोणाच्या टोळीत जायचे हे बाकीच ठरवते.

भरतीच्या शास्त्रात साधारणपणे पाच टप्पे मानले जातात : कामाचे वर्णन निश्चित करणे, योग्य माणूस शोधणे, अटी लिहून नियुक्ती करणे, नव्या माणसाला कामाची ओळख करून देत रुजवणे, आणि त्यानंतर प्रशिक्षण देऊन त्याच्या कामाचे मूल्यमापन करणे. या कसोटीवर मुकादमी पद्धत तपासली, तर दुसऱ्या टप्प्यात ती विलक्षण कार्यक्षम आहे हे मान्य करावे लागते. कोणत्या वस्तीवर कोणाच्या घरी किती हात आहेत, कोणाची बैलजोडी धडधाकट आहे, कोणाच्या घरी यंदा लग्न आहे आणि म्हणून कोणाला पैशांची निकड आहे, हे सारे मुकादमाला तोंडपाठ असते. ओळखीतून माणूस मिळवून देणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस देण्याची जी पद्धत मोठ्या कंपन्या आज आधुनिक म्हणून राबवतात, तिचे हे जुने आणि अधिक भेदक रूप होय. मात्र बाकीचे चारही टप्पे येथे गाळले जातात, किंबहुना त्यांची जागा कर्ज घेते. उचलीच्या व्यवहारात नियुक्तीपत्राऐवजी देण्या-घेण्याचा कागद होतो, आणि मूल्यमापनाच्या नावाखाली केवळ किती फिटले आणि किती उरले याची बेरीज-वजाबाकी मांडली जाते.

याचे परिणाम आकड्यांपुरते मर्यादित राहत नाहीत. जोडी हेच एकक असल्याने स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र नोंद होत नाही. ती ऊस साळते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून वाहून गाडी भरते, तरीही हिशेब सामान्यतः पुरुषाच्या नावे होतो. कामावर न गेलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि खाड्यापोटी दंड कापला जातो, मग त्या दिवसाचे कारण आजारपण असो की मासिक पाळी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये देशभर गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांमागे वैद्यकीय नफेखोरीपासून अल्पवयीन विवाहापर्यंत अनेक कारणे सांगितली जातात. परंतु आजारपणाची रजा ज्यात नाही अशा भरतीच्या अटी त्या कारणांच्या मुळाशी आहेत, हे दृष्टिआड करता येत नाही. दुसऱ्या बाजूने, उचल घेऊन टोळीच न आणल्याच्या आणि त्यातून वाहतूकदार शेतकरी कर्जात बुडाल्याच्या तक्रारी कोल्हापूर, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत वारंवार नोंदल्या जातात. म्हणजेच ज्या व्यवस्थेत मजूर सुरक्षित नाही, तिच्यात पैसे देणाराही सुरक्षित नाही.

मध्यस्थामार्फत होणाऱ्या भरतीचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरती जॉबर नावाच्या मध्यस्थाकडे असे. कामावर कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, कोणाला उसने पैसे द्यायचे हे तोच ठरवी. 1929 मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने 1931 च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावेत अशी शिफारस केली. ती भारतातील आधुनिक भरती-व्यवस्थापनाची एक आरंभरेषा मानता येते. त्यानंतर चार दशकांच्या आत महाराष्ट्राने त्याहून पुढचे पाऊल टाकले. 1969 च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन करण्याची तरतूद केली. कामगार आणि मालक या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत दिली जाऊ लागली आणि मजुरीवरील ठरावीक टक्केवारीच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, वैद्यकीय साह्य यांची सोय झाली. विशेष म्हणजे माथाडी व्यवस्थेने टोळी मोडली नाही. टोळी राहिली, टोळीचा मुकादमही राहिला. गेली ती केवळ कामगाराच्या मजुरीवरील मध्यस्थाची मक्तेदारी.

ऊसतोडीला हे लागू का झाले नाही, याचे उत्तर एका कायदेशीर प्रश्नात दडलेले आहे : या कामगारांचा मालक कोण? कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम स्वतःलाच टोळीतला एक माणूस म्हणवतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 मध्ये झालेला कायदा कर्नाटकात जाणाऱ्या टोळीला लागू होऊ शकत होता, परंतु त्याच गावातून कोल्हापूरला जाणारी टोळी राज्याची सीमा ओलांडत नसल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीची 2020 ची संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली असून तिने कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणे ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. तथापि मालक कोण हेच निश्चित नसेल, तर ते पत्र कोणाच्या सहीने निघणार हा प्रश्न कायम राहतो.

प्रशिक्षणाचा विचार येथेच येतो, कारण ज्याला मालकच नाही त्याला शिकवणार कोण? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 च्या मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात सामान्य कौशल्य आणि विशिष्ट कौशल्य असा भेद केला. जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्यावर एखादा मालक स्वतःचा पैसा खर्च करण्यास नाखूश असतो, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. ऊसतोड हे नेमके असे कौशल्य आहे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुंध्याकडच्या कांड्यांत साखर सर्वाधिक असते. वर खुंट राहिला तर साखर शेतातच राहते आणि खोडव्याची फूटही बिघडते. शेंड्याकडचा अपक्व भाग आणि पाचट नीट काढले नाही, तर ते गाळपात जाऊन उतारा घटतो, आणि तोडलेला ऊस गाळपाला जाण्यास जितका उशीर होईल तितकी त्यातील साखर कमी होत जाते. थोडक्यात, चांगल्या तोडणीचा लाभ कारखान्याला आणि शेतकऱ्याला थेट मिळतो. तरीही ही कला आईबापांकडून मुलांकडे, बहुधा शाळा बुडवून, पोहोचते आणि कोयत्याने होणाऱ्या जखमांपासून बचावाची साधी साधनेही हाती दिली जात नाहीत. मांजरी येथे 1975 मध्ये सुरू झालेल्या आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत कारखान्याच्या रसायनतज्ज्ञांना आणि अभियंत्यांना शिक्षण मिळते; फडातील माणसासाठी त्या तोडीची व्यवस्था उभी राहिलेली नाही.

यांत्रिकीकरणामुळे हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून राज्यात 900 ऊसतोडणी यंत्रांना प्रत्येकी कमाल 35 लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना आखली गेली. यंत्राला सार्वजनिक पैसा मिळाला, हे योग्यच झाले. पण त्या यंत्रामुळे ज्याचा कोयता थांबणार आहे त्याच्या फेरप्रशिक्षणाची अट त्या अनुदानाला जोडली जाणे तितकेच आवश्यक होते. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याचा अनुभव येथे उपयोगी आहे. ऊस पेटवून तोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा तेथे 2002 मध्ये झाला, 2007 मध्ये साखर उद्योगाने ती मुदत आणखी अलीकडे आणण्याचे मान्य केले, आणि यंत्रे वेगाने आल्यावर उद्योगांची संघटना, कामगार संघटना व यंत्रनिर्मात्या कंपन्या यांनी मिळून तोडणी कामगारांना यंत्रचालक, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन अशा कामांसाठी तयार करणारा कार्यक्रम राबवला. तो सर्वांना सामावून घेऊ शकला नाही, कारण यंत्राला लागणारी माणसे कोयत्याला लागणाऱ्या माणसांपेक्षा नेहमीच थोडी असतात. म्हणूनच प्रशिक्षण साखर उद्योगापुरते मर्यादित न ठेवता इतर व्यवसायांकडे वळवावे लागते, हा त्या अनुभवाचा दुसरा धडा होय.

यासाठी पैसा नाही असे म्हणता येणार नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या प्रत्येक टनामागे 10 रुपये द्यावेत आणि शासनाने तेवढीच भर घालावी, असे सूत्र ठरलेले आहे. राज्यात 10 कोटी टनांच्या आसपास गाळप होणाऱ्या हंगामात या सूत्राने कारखान्यांचे 100 कोटी आणि शासनाचे 100 कोटी रुपये उभे राहतात. बेकर यांच्या सिद्धान्तातून निघणारा व्यावहारिक उपाय नेमका हाच आहे : एकेकटा मालक ज्यावर खर्च करत नाही, त्यासाठी सर्व मालकांनी मिळून वर्गणी भरावी. या निधीतून कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली, ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचेही ठरले. परंतु ओळखपत्र म्हणजे नियुक्तीपत्र नव्हे. ओळखपत्रावरून माणूस ऊसतोड कामगार आहे एवढेच कळते. तो कोणाच्या कामावर, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर आहे, हे त्यावरून कळत नाही.

दुसरीकडे, जिल्ह्यातील तरुणांसाठी प्रशिक्षणाच्या योजना वाढत आहेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा 6 ते 10 हजार रुपये विद्यावेतन देण्यात आले, आणि टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने बीडमध्ये सुमारे 191 कोटी रुपयांचे कौशल्य व नवोन्मेष केंद्र उभारण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. या प्रयत्नांचे स्वागत करतानाच त्यांची एक मर्यादा ओळखली पाहिजे : त्यांचे दार किमान बारावी, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांसाठी उघडते, तर कोयत्याचा हंगाम शाळेच्या वर्षाच्या मधोमध येत असल्याने फडावरची मुले त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच गळतात. हंगामाबाहेरच्या मे ते सप्टेंबर या महिन्यांत, विद्यावेतनासह, सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्यांनाही प्रवेश देणारे छोटे अभ्यासक्रम आयटीआयमध्ये सुरू झाले, तर ट्रॅक्टर दुरुस्ती, हायड्रॉलिक यंत्रणा, ठिबक सिंचन, सौरपंप बसवणे ही कामे याच जिल्ह्यात शिकवता येतील.

उचल बंद करा, अशी सरळ मागणी करणारे एक वास्तव विसरतात. कोरडवाहू, डोंगराळ भागातील कुटुंबाला पावसाळ्यात बी-बियाणे, दवाखाना आणि लग्नकार्य यांसाठी लागणारा पैसा बँक देत नाही, तो मुकादम देतो. त्यामुळे उचल संपवायची असेल तर नोंदणीकृत कामगाराला महामंडळाच्या हमीवर बँकेतून हंगामपूर्व कर्ज मिळाले पाहिजे, म्हणजे काम आणि कर्ज यांची गाठ सुटेल व कामगाराला टोळी निवडण्याचे स्वातंत्र्य मिळेल. मुकादमालाही हद्दपार करण्याचे कारण नाही. त्याची नोंदणी करावी, हिशेब, प्रथमोपचार, कामगार कायदे आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयीचे प्रशिक्षण देऊन त्याला पर्यवेक्षकाचा दर्जा द्यावा, आणि त्याचे कमिशन मजुराच्या हिशेबाशी न मिसळता स्वतंत्रपणे द्यावे. हंगामी कामाला इतका कागदोपत्री व्याप परवडणार नाही हा कारखान्यांचा आक्षेप टिकणारा नाही, कारण प्रत्येक गाडीच्या वजनाची आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या टनाची संगणकीय नोंद तेच कारखाने वर्षानुवर्षे चोख ठेवत आले आहेत. उसाची नोंद ठेवता येते, तर तो तोडणाऱ्या स्त्री-पुरुषांची ठेवता येणार नाही असे म्हणणे हा केवळ अनिच्छेचा पुरावा ठरतो.

जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात झालेल्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के आणि मुकादमाच्या कमिशनमध्ये 1 टक्का वाढ ठरली. करार झाला की वाढ किती मिळाली एवढ्यावरच त्याचे यश मोजण्याची सवय जिल्ह्यातील नेतृत्वाला आणि संघटनांना जडली आहे. पुढील कराराच्या वेळी टक्केवारीच्या बरोबरीने तीन मागण्या मांडल्या गेल्या पाहिजेत : कोयत्याच्या नव्हे तर प्रत्येक स्त्रीच्या आणि प्रत्येक पुरुषाच्या नावे नियुक्तीपत्र, मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यात, आणि टनामागच्या 10 रुपयांतील निश्चित वाटा प्रशिक्षणासाठी राखीव. या तीन गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. करारावर सह्या करणाऱ्यांनी त्या करारात लिहिल्या, तर पुढच्याच हंगामापासून त्या सुरू होऊ शकतात.