चौकोनांची जाळी आणि माझी लाल फुली



पाचवीच्या वर्गाला मी एक काम दिलं होतं. कागदावरचा आकार फक्त चौकोनांनी भरायचा. मधे फट नको आणि एकाचा कोपरा शेजारच्याच्या बाजूवर मधेच टेकायला नको. आयत झाला, षटकोनही झाला. त्रिकोणापाशी गाडी अडली. "बाई, होतच नाही!" मीही "बरोबर, होत नाही" म्हणून विषय संपवला. एका मुलीने मात्र त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंच्या मध्यावर ठिपके दिले, मधे एक बिंदू घेऊन त्यांना जोडला आणि तीन चौकोन काढले. 'जादा ठिपके का?' म्हणून मी फुली मारली.

नंतर वाचलं, तेव्हा कळलं की इंजिनिअर हेच करतात. पूल किंवा गाडीचा पत्रा भार सोसेल का, हे संगणकावर तपासताना त्याच्या चित्राचे लहान तुकडे पाडतात. त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव रे क्लफ यांनी १९६० साली दिलं. त्रिकोणांची जाळी संगणक सहज विणतो. पण साधे त्रिकोण खऱ्या वस्तूपेक्षा जास्त ताठ वागतात, म्हणून पुष्कळदा चौकोन हवे असतात, आणि तेच अवघड. ब्लॅकर आणि स्टीफन्सन यांनी १९९१ मध्ये 'पेव्हिंग' पद्धत मांडली. फरशी बसवावी तशा कडेपासून आत चौकोनांच्या ओळी लावत जायच्या. खरी कसरत शेवटी मधे उरलेली जागा जुळवताना होते.

त्रिकोणाचं कोडं तर आपल्या मुलांच्या गणितातलंच आहे. प्रत्येक चौकोनाच्या ४ बाजू, म्हणून सगळ्यांची मिळून संख्या सम. आतली प्रत्येक बाजू दोन चौकोनांची, म्हणून ती दोनदा मोजली जाते. म्हणजे कडेवरच्या बाजूही समच उरणार. त्रिकोणाच्या कडेला ३ बाजू, म्हणून अडतं. ठिपके दिले की ६ होतात आणि काम होतं.

माझं मत एवढंच, की 'होत नाही' हे उत्तर नाही. 'का होत नाही आणि काय केलं तर होईल' इथून धडा सुरू होतो. चौकोनाची व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांना असे आकार भरायला द्या. पालकांनो, वहीत फुली दिसली तर मुलाला आधी विचारा, "तू काय विचार केला होतास?"

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची वही मी मागून घेतली आणि फुली खोडली. फळ्यावर तो त्रिकोण तिनेच समजावला.