आपला उजेड, समोरच्याचा अंधार



भातझोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, आता पहाटेची थंडी चांगलीच जाणवू लागली आहे. आपल्या पालघरकडे या दिवसांत सूर्या नदीच्या काठाने, कालव्याखालच्या वाफ्यांवरून आणि खाडीच्या बाजूने पहाटे धुई उतरते. मासवणच्या पुलाजवळ तर कधी कधी पुढचे चार हात दिसत नाहीत. आणि नेमक्या त्याच वेळी भाजीचा टेम्पो पालघरला निघतो, दुधाची किटली मोटारसायकलला लागते, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली रात्रपाळी सुटून माणसे सायकलने घराकडे वळतात.

गेल्या महिन्यात दोन-तीन वाचकांनी एकच प्रश्न विचारला. "गाडीच्या हेडलाईटचा उजेड पुरत नाही. मोठे बल्ब टाकू का? धुक्यासाठी फॉग लाइट बसवू का?" उत्तर देण्याआधी मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सांगताना मान खाली जाते, पण ती ऐकून एखाद्याच्या हातून तशी चूक टळली तर सांगितल्याचे सार्थक होईल.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या जीपला पांढरेशुभ्र एलईडी बल्ब टाकून घेतले. शिवाय पुढच्या बंपरवर दोन गोल दिवे चढवले. पहिल्या रात्री वाघोबा खिंडीतून उतरताना काय तो उजेड! झाडाचे पान न् पान दिसत होते. मी खूश. आठवड्याने मनोरहून पालघरला परत येत होतो. समोरून एक मोटारसायकल आली. तिच्यावर नवराबायको आणि मध्ये बसलेले सहा-सात वर्षांचे पोर. मी डिपर दिला होता, म्हणजे आपल्या परीने नियम पाळला होता. तरी ती मोटारसायकल डळमळली, डांबर सोडून खाली उतरली आणि शेताच्या बांधावर आडवी झाली.

धावत गेलो. पोराचा हात मोडला होता. त्याचा बाप रागावला नाही. तेवढेच म्हणाला, "दादा, तुमच्या दिव्यांमागे रस्ता होता की शेत, मला काहीच कळले नाही." त्यांना पालघरला नेले, प्लास्टर झाले, खर्च मी केला. दीड महिन्याने हात बरा झाला. पण ते वाक्य अजून कानात आहे. मी विकत घेतलेला उजेड त्या माणसाच्या डोळ्यांत अंधार होऊन शिरला होता.

दुसऱ्याच दिवशी ते सगळे दिवे उतरवले आणि एका जुन्या वायरमन मिस्त्रीकडे जाऊन बसलो. त्याने जे शिकवले आणि नंतर मी जे वाचून ताडून पाहिले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

डोळे दिपतात म्हणजे काय होते?

अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर झोत पडला की तो पुन्हा नीट पाहू लागायला काही सेकंद लागतात. वय झालेल्या माणसाला, मोतीबिंदू असलेल्याला त्याहून जास्त. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर 50 मीटर गाडी आंधळी धावली म्हणायची. तेवढ्या अंतरात एखादी सायकल, एखादे गुरू, रस्त्याच्या कडेने स्टेशनकडे चाललेली टोपलीवाली बाई, कोणीही असू शकते.

आधी आहे तो उजेड परत मिळवा

बहुतेक जुन्या गाड्यांना मोठ्या बल्बची गरज नसते. त्यांचा मूळचा उजेडच वाटेत हरवलेला असतो.

पहिली गोष्ट काच. हेडलाईटची काच आतून-बाहेरून पुसा. प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर गॅरेजमध्ये ती घासून पॉलिश करून मिळते. आतला चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर, काळवंडला असेल तर कितीही मोठा बल्ब टाका, उपयोग शून्य. तो बदलावाच लागतो. समोरची मोठी काच आतूनही पुसा. तिच्यावर बसलेला तेलकट थर समोरच्या दिव्याचा झोत दुप्पट पसरवतो.

दुसरी गोष्ट वीज. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट मिळतात. मिस्त्रीला मीटर लावून बल्बच्या होल्डरपाशी किती पोहोचतात ते मोजायला सांगा. बारीक वायर, गंजलेले अर्थिंग, जळका स्विच यांमुळे तिथे 12.6 च मिळत असतील तर व्होल्ट फक्त दहा टक्के कमी झाले. पण हॅलोजन बल्बचा उजेड मात्र जवळजवळ तीस टक्के घटतो. उपाय स्वस्त आहे. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर ओढायची, प्रत्येक झोताला रिले बसवायचा आणि अर्थिंग घासून घट्ट करायचे. माझ्या जीपचा जुना बल्ब एवढ्यानेच नवा वाटू लागला.

शंभर-नव्वदचा मोह

दुकानात 100/90 वॅटचे बल्ब मिळतात. गाडीचा ठरलेला बल्ब बहुधा 60/55 वॅटचा असतो. डिपरवर दोन 55 वॅटचे बल्ब 12 व्होल्टला मिळून सुमारे 9 अँपिअर वीज ओढतात. दोन 90 वॅटचे 15 अँपिअर ओढतात. कंपनीची वायर तेवढ्यासाठी केलेली नसते. ती तापते, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चांदी करपते. पेंढा भरलेल्या गाडीत वायर पेटली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. आणि हे सगळे सोसून समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड तेवढा वाढतो.

एलईडी बल्बने मला का फसवले?

हे समजून घ्या, कारण हल्ली बाजारात जो तो हेच विकतो. आपल्या साध्या दोन तारांच्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते. उरलेला उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटून रस्त्याकडे खाली वळतो. तार आणि वाटी यांची जागा अगदी काटेकोर ठरलेली असते, आणि सगळा रिफ्लेक्टर त्या एका जागेसाठी घडवलेला असतो.

त्याच होल्डरमध्ये एलईडीचा बल्ब घातला की उजेड निघण्याची जागा आणि आकार बदलतो. उजेड नको त्या भागावर पडतो आणि वर उसळतो. म्हणून मी डिपर देऊनही काही उपयोग झाला नाही. हॅलोजनच्या वाडग्यात गॅसचा झेनॉन बल्ब घातला तरी हाच घोटाळा होतो. एलईडी वाईट नाही. ज्या गाडीचा अख्खा दिवाच कंपनीने एलईडीसाठी घडवला आहे, तिचा झोत नीट असतो. वाडगा एकाचा आणि बल्ब दुसऱ्याचा, हे लग्न जुळत नाही.

भंगारबाजारातून परदेशी गाडीचा दिवा आणतानाही जपा. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या डिपरचा झोत डावीकडे किंचित वर चढतो. कडेचा माणूस दिसावा, हा त्यामागचा हेतू. उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशातला दिवा नेमका उजवीकडे, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर, चढतो.

भिंत, खडू आणि टेप

आता घरच्या घरी करायचे काम. संध्याकाळी सपाट अंगणात गाडी भिंतीसमोर उभी करा. दिव्यापासून भिंत बरोबर 25 फूट हवी. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, चालवणारा जागेवर बसू द्या. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारा. तिच्या तीन इंच खाली दुसरी रेघ मारा. डिपर लावा. एका दिव्यासमोर कोणाला तरी पुठ्ठा धरायला सांगा आणि एकेक दिवा पाहा. उजेडाची उजवीकडची सपाट वरची कड खालच्या रेघेवर आली पाहिजे. वर असेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून खाली आणा.

हिशेब सोपा आहे. 100 फुटांत एक फूट उतार. दिवा अडीच फूट उंचीवर असेल तर झोताची वरची कड 250 फुटांवर जमिनीला टेकते. गावरस्त्याला तेवढे भरपूर झाले.

एक गोष्ट विसरू नका. मागे चिकूचे क्रेट किंवा भाताची पोती भरली की गाडीचे नाक वर होते आणि जुळवलेला झोतही वर जातो. अनेक गाड्यांत झोत खालीवर करणारे आकड्यांचे बटण असते. रिकाम्या गाडीला शून्य, भार वाढेल तसा पुढचा आकडा. बटण नसेल तर नेहमीच्या भारासकट भिंतीसमोर झोत जुळवा.

धुईतला दिवा

पहाटे धुईत एक प्रयोग करा. हातातली बॅटरी कपाळाशी धरून पेटवा. समोर पांढरी भिंत उभी राहील. मग तीच बॅटरी गुडघ्याशी धरा. पायाखालची वाट दिसू लागेल. धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. डोळ्याजवळून गेलेला उजेड त्या थेंबांवर आपटून डोळ्यांतच परत येतो. म्हणून धुक्यात अप्पर लावणे म्हणजे स्वतःच स्वतःचे डोळे बांधणे.

फॉग लाइट खाली, बंपरच्या पातळीला हवा. झोत रुंद आणि चपटा हवा, वरची कड कापल्यासारखी स्वच्छ हवी. लांब झोताचे गोल दिवे, जे मी लावले होते, ते फॉग लाइट नव्हेत. भिंतीवरच्या 25 फुटांच्या प्रयोगात फॉग लाइटची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सहा इंच खाली ठेवा. दिवा दीड फूट उंचीवर असेल तर त्याचा उजेड 75 फुटांपर्यंतच पोहोचतो. ताशी 40 च्या वेगाने ते अंतर दोन सेकंदांत संपते! म्हणजे फॉग लाइट कडेची रेघ आणि खड्डा दाखवतो, वेग वाढवायची परवानगी देत नाही. धुके सरले की तो बंद करायचा.

पिवळा की पांढरा? पिवळा उजेड धुके भेदतो अशी समजूत आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने तिथे फारसा फरक पडत नाही. मात्र पुष्कळांच्या डोळ्यांना पिवळा उजेड सौम्य वाटतो. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत हेडलाईट पिवळेच लागत. तुम्हाला पिवळा बरा वाटत असेल तर खुशाल लावा, पण खाली आणि सपाट लावा.

कायदा आणि माणुसकी

जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी ट्रकच्या दिव्यांचा वरचा भाग काळा किंवा पिवळा रंगवलेला असे. हेतू हाच होता. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सांगितले आहे की झोत खाली वळलेला हवा. दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवणारा नसावा. दीड मीटर म्हणजे मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचा डोळा. नियम करणाऱ्याने तो माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता, मी ठेवला नव्हता.

ट्रॅक्टरवाल्यांना एक विनंती. नांगरणीसाठी मागे लावलेला दिवा रस्त्यावर येताच बंद करा. तो मागून येणाऱ्याला आंधळा करतो. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी लावा. घरातली मुले सायकलने जात असतील तर वहिनींनी तशीच पट्टी त्यांच्या दप्तरावर शिवून टाकावी.

आणि समोरचा अप्पर लावूनच आला तर? त्याच्यावर आपला अप्पर मारू नका. एका आंधळ्याचे दोन होतील. वेग कमी करा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर ठेवा आणि तो जाईपर्यंत त्या रेघेच्या आधाराने चला.

मासवणच्या रस्त्याने अजूनही जातो. समोरून एकटा दिवा येताना दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, बोट डिपरवर. त्या एका दिव्यामागे किती जण बसले आहेत, ते आपल्याला कधीच दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात थंडीत ट्रॅक्टरची बॅटरी का रुसते, त्याविषयी बोलू. तोवर राम राम!