रिपोर्ट नॉर्मल, आई नाही

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण हे आई वाचणार, म्हणून मराठीतच.

दोन वर्षं आई म्हणत्येय, "अंगात त्राणच नाही गं." हिमोग्लोबिन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मग घरात एकमत: मनाचे खेळ! त्यात मीही होते.

प्रोबॅबिलिटी शिकताना ट्यूब पेटली. नॉर्मल रेंज म्हणजे साधारण ९५ टक्के निरोगी लोक बसतात तो पट्टा. म्हणजे २० स्वतंत्र टेस्ट केल्या, तर ठणठणीत माणसाचीही निदान एक बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के! एका आकड्याने घाबरायचं कशाला? उलटही खरंच. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. साठा कळतो फेरिटिनवरून, आणि ती टेस्ट केलीच नव्हती. परवा केली, कमी आली. थकव्याचं कारण तेच, असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. पण शोध तर सुरू झाला.

मित्रांनो, लॅबमध्ये रीडिंग जुळलं नाही, तर आपण प्रोब कुठे लावलाय ते बघतो. सर्किटला खोटारडं ठरवत नाही. मग माणसालाच का?

सॉरी, आई.