गाणे विकत की वर्गणीने? #थ्रेड

१/ संगीताची मासिक वर्गणी हा स्मार्टफोनच्या युगाचा शोध मानला जातो. प्रत्यक्षात पॅरिसमध्ये १८९० साली ‘थिएट्रोफोन’ नावाची कंपनी निघाली होती. वर्गणीदार घरबसल्या टेलिफोन कानाला लावून रंगमंदिरात चाललेला ऑपेरा ऐकत असे. ही सेवा १९३२ पर्यंत चालली. वर्गणी थांबली की आवाज थांबे, आणि मागे काहीही उरत नसे.

२/ ध्वनिमुद्रिकेचा व्यवहार याच्या अगदी उलट होता. फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा तबकड्या जर्मनीतील हॅनोवरला छापून येत. कोलकात्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. तबकडी घेणारा तिचा खराखुरा मालक होई. ती उसनी देता येई, जुन्या बाजारात विकता येई, पुढच्या पिढीकडे जाई. कंपनीच्या मनात आले तरी तिला ती परत नेता येत नसे.

३/ नॅप्स्टरवरील फुकट देवाणघेवाण २००१ साली बंद पडली आणि हा जुना प्रश्न इंटरनेटवर नव्याने उभा राहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘रॅप्सडी’ ही वर्गणीची सेवा अमेरिकेत सुरू झाली. पुढे २८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने आयट्यून्सचे दुकान उघडले: एक गाणे ९९ सेंटला. पहिल्याच आठवड्यात १० लाख गाणी विकली गेली. लोकांना संगीत मालकीचे हवे असते, भाड्याचे नको, ही स्टीव्ह जॉब्ज यांची भूमिका त्या काळी तरी बाजाराने उचलून धरली.

४/ मात्र ती ‘मालकी’ तपासून पाहावी अशीच होती. विकलेल्या प्रत्येक फाइलला डिजिटल कुलूप असे आणि किल्ली दुकानदाराच्या सर्व्हरवर. मायक्रोसॉफ्टने २००८ साली जाहीर केले की, आधीच बंद झालेल्या ‘एमएसएन म्युझिक’चे किल्लीचे सर्व्हर आता थांबतील, म्हणजे संगणक बदलला की पैसे मोजून घेतलेली गाणी मुकी. ओरड झाल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. पुढे ‘रीडिजी’ या कंपनीने वापरलेल्या गाण्यांच्या फाइल्सचा जुना बाजार मांडू पाहिला. अमेरिकी अपील न्यायालयाने २०१८ साली तो बेकायदा ठरवला. तबकडी विकता येते, फाइल विकता येत नाही. ‘विकत घेणे’ हा शब्द तेवढा जुना राहिला, त्यातील अर्थ बराचसा गळून गेला.

५/ ॲपलने जानेवारी २००९ मध्ये गाण्यांवरील कुलूप काढण्याची घोषणा केली. खरी मालकी आता कुठे शक्य झाली होती. पण तोवर स्पॉटिफाय स्वीडनमध्ये सुरू होऊन तीन महिने झाले होते. आयट्यून्सने २०१३ पर्यंत २५ अब्ज गाणी विकली खरी. तरी २०१६ साली अमेरिकेतील संगीत उद्योगाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न स्ट्रीमिंगमधून येऊ लागले होते.

६/ भारतात तर विकत घेण्याचे पर्व डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपले. फ्लिपकार्टचे ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडले आणि जून २०१३ मध्ये बंद झाले. सहा रुपयांच्या गाण्यासाठी कार्डाचा सोळा आकडी क्रमांक भरण्याचा उत्साह किती जण दाखवणार? यूपीआय आले २०१६ साली. बाजूच्या दुकानात मेमरी कार्डावर शेकडो गाणी नाममात्र पैशांत भरून मिळत होती, हेही विसरता येणार नाही.

७/ वर्गणीची बाजू दुबळी नाही. आयट्यून्सवर एका अल्बमला साधारण दहा डॉलर पडत. तेवढ्यातच महिनाभर अमर्याद संगीत मिळू लागले. नवे ऐकून पाहण्याची भीड गेली. परंतु वर्गणीचे पैसे एका सामाईक गंगाजळीत जातात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला या वाटपात हिस्सा मिळत नाही. आडवळणाचे गायन ऐकणाऱ्याची वर्गणी अशा रीतीने लोकप्रिय गाण्यांच्या पदरात पडते. विकत घेतलेल्या एका गाण्याचे पैसे निदान त्याच गाण्याच्या हक्कदाराकडे जात.

८/ इतिहासाच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न प्रतींचा आहे. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहू शकली, कारण घरोघरी तबकड्या होत्या. माळ्यावर, ट्रंकेत, अखेर चोरबाजारात. जुन्या नाट्यपदांच्या कितीतरी मुद्रिका खासगी संग्राहकांनी सांभाळल्या आणि अभ्यासकांपर्यंत पोहोचवल्या. वर्गणीच्या व्यवस्थेत अशी विखुरलेली प्रत तयारच होत नाही. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ म्हणवणारे गाणेही ॲपच्या आतच कोंडलेले असते. एअरटेलने २०२४ साली ‘विंक म्युझिक’ गुंडाळले. उद्या त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याला कोणाच्या माळ्यावर काय सापडणार?

९/ म्हणून ऐकून पाहण्यासाठी वर्गणी पुरेशी आहे; जे गाणे जपावेसे वाटते, त्याची बिनकुलपाची फाइल मात्र विकत घ्यावी आणि दोन ठिकाणी ठेवावी. आयट्यून्सचे दुकान अजून उघडे आहे. बँडकॅम्पवर कलाकार आजही अशा फाइल्स विकतात. डिजिटल विक्रीवर संकेतस्थळ साधारण १५ टक्के ठेवून घेते.