चालतंय ना? मग हात लावू नकोस!

मे 2023 च्या पहिल्या आठवड्यात, रात्री साडेनऊला, मी एका पायथन स्क्रिप्टमध्ये छोटीशी दुरुस्ती केली. पांडाज या लायब्ररीचं नवं व्हर्जन काढलं आणि जुनं बसवलं. स्क्रिप्ट चालली, यादी निघाली, टीम लीड म्हणाला, "सुटलो!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यादीवरून लोकांना फोन गेले: तुम्ही कर्जाचा हप्ता उशिरा भरलाय, दंड लागेल. त्यातल्या बऱ्याच जणांनी हप्ता वेळेत भरला होता.

हे मी पापक्षालन म्हणून लिहीत नाहीये. आमच्या धंद्यात जी एक सवय शहाणपण म्हणून खपवली जाते, तिच्याशी मला भांडायचंय. ती सवय म्हणजे "चालतंय ना? मग हात लावू नकोस." आणि तिची जुळी बहीण, "व्हर्जन कशाला लिहायचं? लेटेस्ट येईल की आपोआप."

आधी त्या रात्रीचं सांगते. हप्ता दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत भरायचा असायचा. आमची स्क्रिप्ट भरणा झाल्याच्या तारखा वाचायची, 10 तारखेशी तुलना करायची आणि उशीर करणाऱ्यांची नावं काढायची. ती दर महिन्याला एका कोऱ्या मशीनवर चालायची. चालण्याआधी एका फाइलमध्ये लिहिलेल्या लायब्ऱ्या इंटरनेटवरून उतरवून घ्यायची. त्या फाइलमध्ये चौदा नावं होती. एकाही नावापुढे आकडा नव्हता. म्हणजे दर महिन्याला त्या दिवशी जे काही सगळ्यात नवं असेल ते येणार. सहा महिने ते बिनबोभाट चाललं. मग एप्रिल 2023 मध्ये पांडाज 2.0 बाहेर आलं आणि पुढच्याच खेपेला स्क्रिप्ट कोसळली.

एरर साधी होती: 13-04-2023 ही तारीख अपेक्षित साच्यात बसत नाही. साचा होता महिना-दिवस-वर्ष, अमेरिकन पद्धतीचा. आमच्या तारखा होत्या दिवस-महिना-वर्ष. 13 वा महिना कुठून आणणार?

मग आधी हे कसं चालत होतं? पांडाजची 2.0 च्या आधीची व्हर्जन्स, तुम्ही साचा सांगितला नसेल तर, प्रत्येक तारखेचा स्वतंत्र अंदाज बांधायची. 13-04 ला तेरावा महिना नसतो म्हणून ती 13 एप्रिल समजायची. पण 05-04 मात्र 4 मे! एकाच रकान्यात दोन पद्धती, आणि एरर नाही. शेवटची काही जुनी व्हर्जन्स निदान इशारा तरी द्यायची. आमच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींमध्येच कुणीतरी सगळे इशारे बंद करून ठेवले होते. 2.0 ने हा घोळ बंद केला: पहिल्या तारखेवरून एकच साचा ठरवायचा आणि पुढची तारीख त्यात बसली नाही तर थांबायचं.

म्हणजे नवं व्हर्जन बिघडलेलं नव्हतंच. ते पहिल्यांदा खरं बोलत होतं. आणि मी त्याला गप्प केलं.

आता जरा हिशोब करा. 5 ते 10 एप्रिलच्या दरम्यान ज्यांनी हप्ता भरला, त्यांच्या तारखा मे ते ऑक्टोबरमधल्या चार तारखेच्या झाल्या. सगळे 'उशिरा'. 13 तारखेनंतर भरणारे खरोखर उशिरा आलेले, त्यांच्या तारखा बरोबर वाचल्या गेल्या. जानेवारीत 2 ते 10 तारखेचे सगळे अडकले असणार, फेब्रुवारीत 3 ते 10 चे, मार्चमध्ये 4 ते 10 चे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मात्र एकही नाही, कारण तिथे उलटी तारीख अलीकडेच पडते. जानेवारीत यादी फुगली तेव्हा मीटिंगमध्ये कारण सांगितलं गेलं होतं, लग्नसराई आणि सुट्ट्यांचा खर्च. मग ती दर महिन्याला थोडी थोडी आटत गेली. सगळ्यांना वाटलं, वसुली सुधारतेय!

हे मला कळलं आठवड्याभराने. त्या रात्री टीम लीड म्हणाला होता, "अगं, जुनं व्हर्जन टाक आणि मोकळी हो, कारण नंतर बघू." मीही एररची ओळ वाचली, पण समजून घेतली नाही. रात्री साडेनऊला कुणाला समजून घ्यायचं असतं?

इथे माझ्या विरोधकांचा सगळ्यात चांगला मुद्दा मीच मांडते. ते म्हणतील, "बघ, व्हर्जन बांधून ठेवलं असतं तर चूक अमर झाली असती. लेटेस्ट घेतलं म्हणूनच ती उघडी पडली." मान्य. पण उघडी पडून झालं काय? यादी द्यायच्या रात्री, घाईत, पाच मिनिटांत आम्ही ती पुन्हा झाकली. बदल आमच्यावर येऊन आदळला होता आणि आदळलेल्या गोष्टीला माणूस ढकलून देतो. व्हर्जन लिहिलेलं असतं, तर 2.0 वर कधी जायचं हे आम्ही ठरवलं असतं. एखाद्या निवांत मंगळवारी दुपारी कुणीतरी बदलांची यादी वाचली असती. तारखा वाचायची पद्धत बदलली हे तिच्यात लिहिलेलं होतं. ते वाचून कुणीतरी विचारलं असतं, मग आजवर आपण तारखा कशा वाचत होतो? सगळा खेळ या प्रश्नाचा आहे. तो मंगळवारी दुपारी सुचतो, यादी द्यायच्या रात्री सुचत नाही.

व्हर्जन लिहिणं म्हणजे बदलाला दार बंद करणं नव्हे. बदलाने आधी बेल वाजवावी, एवढीच अपेक्षा आहे.

पायथनमध्ये हे आणखी गरजेचं आहे, कारण तिथे 'इम्पोर्ट' दिसतं तितकं भोळं नाही. तुम्ही एक नाव लिहिता, पायथन काही फोल्डरांच्या यादीत ते क्रमाने शोधतं आणि पहिलं सापडेल ते उचलतं. साधारणपणे त्या यादीत तुमच्या स्क्रिप्टचं स्वतःचं फोल्डर बरंच वर असतं. कॉलेजात कुणीतरी स्वतःच्या फाइलला 'रँडम' नाव देतं आणि मग पायथनचं खरं रँडम सापडेनासं होतं, ते यामुळेच. एकदा सापडलेलं मॉड्यूल पायथन लक्षात ठेवतं आणि त्या प्रोग्रॅमपुरतं त्या नावाचं तेच चालतं. दोन लायब्ऱ्यांना नमपायची दोन वेगळी व्हर्जन्स हवी असतील तर एकीला माघार घ्यावी लागते. नोडमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात आपली वेगळी प्रत बाळगू शकतं. पायथनमध्ये एकाच खोलीत सगळ्यांनी जमवून घ्यायचं. अशा खोलीत कोण राहतंय हे कागदावर नको?

भाषेची चूक नाहीच असं मी म्हणत नाही. रूबीवाल्यांकडे बंडलर आणि त्याची लॉक फाइल 2010 च्या सुमारास होती. पायथनमध्ये लॉक फाइलचा सर्वमान्य साचा ठरायला 2025 उजाडलं. दरम्यान दर दोन वर्षांनी नवं टूल आलं आणि प्रत्येकाने आधीच्याला नावं ठेवली. पण वेगळं वातावरण बनवणारं व्हेन्व्ह 2012 पासून, म्हणजे 3.3 पासून, पायथनसोबतच येतं. नावापुढे दोन बरोबरची चिन्हं आणि एक आकडा लिहायला तर कुठलंच टूल लागत नाही. आळसाला भाषेचं कारण पुरत नाही.

"पण आपण भरवशाच्या लायब्ऱ्या वापरतो." भरवसा कुणावर? 22 मार्च 2016 ला एका प्रोग्रॅमरने नावाच्या वादातून चिडून एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड होतं, शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणारं, जेमतेम अकरा ओळींचं. जगभरचे बिल्ड कोसळले. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीमच्या थकलेल्या लेखकाने, मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे पॅकेज सोपवलं. त्याने त्यात बिटकॉइन पाकिटं लुटणारा कोड घुसवला. जानेवारी 2022 मध्ये कलर्सच्या लेखकाने स्वतःच नव्या व्हर्जनमध्ये न संपणारं लूप टाकलं. या शेवटच्या दोन्ही वेळी ज्यांचं व्हर्जन बांधलेलं होतं ते वाचले. 'लेटेस्ट' मागणाऱ्यांच्या घरात पाहुणा न विचारता शिरला.

आणि त्या लेखकांवर दात खाऊ नका. फुकट काम करणाऱ्या माणसाचं काम आपण न बघता, न मोजता, रोज ताजं ओरपतो. आपण काय वापरतोय याची नोंद ठेवणं हा त्यांच्याशीही किमान सभ्यपणा आहे.

आपल्याला हे परकंही नाही. पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच लिहिलेलं असतं: पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण. मजकूर बदलला की आवृत्ती, तसाच छापला की पुनर्मुद्रण, हा फरक चांगले प्रकाशक पाळतात. त्याहून जुनी गोष्ट पैठणची. ज्ञानेश्वरी लिहून तीनेकशे वर्षं झाली होती. नकलाकारांच्या हातून पाठ बदलत गेले होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पाठ शुद्ध केला, कधी केला ते लिहून ठेवलं आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. नकलाकार दुष्ट नव्हते. प्रत्येकाला आपण सुधारणाच करतोय असं वाटत असणार. एकनाथांचं दुखणं तेच होतं जे माझं आहे: बदल झाला, पण कधी, कुठे आणि कुणी केला याची नोंद नाही.

उरलेले आक्षेप पटकन. "छोटी स्क्रिप्ट आहे, एकदाच वापरायची." एकदाच वापरायची स्क्रिप्ट मी अजून पाहिलेली नाही. "डॉकर वापर ना." वापरते. पण डॉकर फाइलमध्येही बिनआकड्याची चौदा नावं असतील तर पुढच्या बिल्डला तेच रडगाणं, फक्त डब्यात बंद. "सुरक्षेचे अपडेट?" घ्या की! दर महिन्याला एक दिवस ठरवा, एकेक आकडा वाढवा, टेस्ट चालवा. जो म्हणतो वेळ नाही, तो तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी रात्रीतून घेत असतो. बहुतेक वेळा टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाच्या.

आणि नुसता आकडाही पुरत नाही. त्या रात्री मीही आकडाच लिहिला होता: 2 च्या खालचं पांडाज. कारण न लिहिता. मी सोडून गेले असते तर पुढच्या माणसाला ती ओळ पवित्र वाटली असती. चालतंय ना, मग हात लावू नकोस! आकड्यासमोर कारण हवं आणि तो कधी काढायचा हेही हवं.

आठवड्याने मी सगळ्या तारखा हाताने पडताळल्या आणि मेल लिहिला. ग्राहकाने एप्रिलचा दंड परत केला. जानेवारी ते मार्चबद्दल मला सांगितलं गेलं, मागचं उकरू नकोस. त्या तीन महिन्यांची यादी पुन्हा काढून मी मेलला जोडली होती. तिला उत्तर आलं नाही. या लेखात मला सगळ्यात जास्त बोचणारं वाक्य तेच आहे.

आता त्या फाइलमध्ये चौदा नावांपुढे चौदा आकडे आहेत. पांडाज 2 वर आहे. तारखेचा साचा कोडमध्ये स्पष्ट लिहिलाय, दिवस-महिना-वर्ष. इशारे चालू आहेत. हे सगळं करायला मला एक दुपार लागली.

तुमच्या फोनवर हे वाचून झालं की लॅपटॉप उघडा आणि तुमची ती फाइल बघा. आकडे नसतील, तर आज तुमची स्क्रिप्ट चालतेय हा योगायोग आहे. आणि त्या योगायोगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी फोन वाजत असू शकतो.