मतदारयादीतील परका आणि घरचा

निवडणूक सुधारणांवरील चर्चेत १० डिसेंबर २०२५ रोजी लोकसभेत बोलताना केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी घुसखोरांविषयीचे सरकारी धोरण तीन क्रियापदांत सांगितले. घुसखोर हुडकायचा, त्याचे नाव मतदारयादीतून वगळायचे आणि त्याला देशाबाहेर पाठवायचे. त्याआधी २७ मार्चला परदेशी नागरिकांविषयीचे नवे विधेयक मंजूर करून घेताना, हा देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असेही त्यांनी याच सभागृहात बजावले होते. तो कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. सीमेचे रक्षण आणि मताची शुद्धता हे दोन प्रश्न एका वाक्यात गुंफले की ते वाक्य टाळ्या घेते. पण प्रत्यक्ष राज्यकारभारात त्या वाक्याचे काय होते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तत्त्वाविषयी वाद असण्याचे कारण नाही. संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने मताचा अधिकार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला दिला आहे, केवळ रहिवाशाला नव्हे. कोकणच्या मासेमारी नौकांवर नेपाळी खलाशी कामाला असतात. १९५० च्या भारत-नेपाळ तहाने त्यांना येथे राहण्याची व काम करण्याची मुभा दिली आहे, मताची दिलेली नाही. आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नाही. बांगलादेशातून चोरवाटेने माणसे येतात, दलालाला पैसे मोजून कागदपत्रे मिळवतात, हेही खरे आहे. हा प्रश्नच मुळी काल्पनिक आहे अशा थाटात विरोधी पक्षांतील काही मंडळी बोलतात, ते प्रामाणिकपणाचे नाही. खरा प्रश्न आहे तो ही तीन क्रियापदे कोणी, कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या क्रमाने पार पाडायची हा.

कायद्याने ही कामे मुद्दाम वेगवेगळ्या हातांत ठेवली आहेत. परका कोण हे ठरवणे आणि त्याला परत पाठवणे हे परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचे क्षेत्र. यादीतून नाव काढणे हे मात्र १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली मतदार नोंदणी अधिकाऱ्याचे काम, आणि तेही संबंधिताला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावर. म्हणजे गृहमंत्र्यांच्या वाक्यातील मधले क्रियापद गृहखात्याचे नाहीच. याला कोणी कायद्याचा कीस काढणे म्हणेल. परंतु ही तिन्ही कामे एकाच दमात उरकू गेल्यास काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने तीस वर्षांपूर्वीच घेतलेला आहे.

टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना मुंबई व दिल्लीतील काही वस्त्यांत पोलिसांकरवी मतदारांची छाननी झाली. आपण भारतीय आहोत हे सिद्ध करा, अशा नोटिसा निघाल्या आणि त्यासाठी जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र असे मोजकेच कागद मागण्यात आले. वर्षानुवर्षे मतदान केलेल्या माणसांवर ही पाळी आली. लालबाबू हुसेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या पद्धतीला आळा घातला. ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्याची पूर्वी छाननी झालेली आहे असे गृहीत धरले पाहिजे. नाव काढायचे असेल तर कारण दाखवण्याचा भार काढू पाहणाऱ्यावर आहे. केवळ पोलिसी अहवाल पुरेसा नाही. आणि मतदार जो पुरावा देईल तो सगळा विचारात घेतला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे जुलै १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबईत पकडलेल्या बंगाली भाषकांना रेल्वेने पूर्वेकडे धाडले जात असता पश्चिम बंगालमधील उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. जून २०२५ मध्ये तर मुंबई परिसरातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. तिसरे क्रियापद आधी उरकले आणि पहिले मागाहून!

कोणत्याही छाननीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. परका माणूस घरचा समजला जाणे ही एक आणि घरचा माणूस परका ठरणे ही दुसरी. चाळणी बारीक केली की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते, यातून सुटका नाही. म्हणून चाळणी किती बारीक करावी हे ठरवण्यापूर्वी धान्यात खडे किती आहेत याचा अंदाज हवा. बिहारमध्ये जून २०२५ पासून झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणाने असा अंदाज घेण्याची संधी दिली. तेथील ७ कोटी ८९ लाख मतदारांपैकी सुमारे ६५ लाख नावे १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत नव्हती. निवडणूक आयोगाने त्यांची वर्गवारी दिली ती अशी : सुमारे २२ लाख मृत, ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले आणि ७ लाख दुबार. या वर्गवारीत परदेशी माणसाचा रकानाच नव्हता. घुसखोरांच्या नावाने ज्या मोहिमेचा गाजावाजा झाला, तिच्या चाळणीवर प्रामुख्याने राहिले ते मेलेले, पोटासाठी गाव सोडून गेलेले आणि दोन ठिकाणी नाव असलेले लोक.

हे वर्णन वाचताना कोकणातल्या वाचकाला आपलेच गाव आठवेल. मुरूड तालुक्यातील आगरदांड्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर राजपुरीची खाडी आणि पलीकडे दिघी दिसते. फेरीबोटीने काही मिनिटांचे अंतर. पण या काठाचे मत अलिबाग विधानसभा मतदारसंघात पडते, त्या काठाचे श्रीवर्धन मतदारसंघात. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. म्हणजे आज येथे जे अत्यंत वृद्ध आहेत ते जन्माने नबाबाची प्रजा, आणि तो नबाब ज्या सिद्दी घराण्याचा, ते मूळचे आफ्रिकेतले. संविधानाने या सगळ्यांना नागरिक केले ते येथे जन्म आणि वास्तव्य आहे एवढ्या आधारावर. कोणाच्या पेटीत कोणता कागद आहे, हे त्या वेळी विचारले गेले नाही.

या किनाऱ्यावर माणसे टिकतात ती बाहेर जाऊन. कोणी मुंबईला चाकरमानी, कोणी जहाजावर, कोणी आखातात. मुंबईकराचे नाव दोन्हीकडे राहते, कारण घर दोन्हीकडे असते आणि गावच्या यादीतले नाव काढणे म्हणजे गावाशी नाते तोडणे, अशी भावना असते. कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी असता कामा नये. केवळ घर आहे म्हणून कोणी तेथला सामान्य रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी नाही असेही होत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या प्रारूप यादीत नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे ११ लाख नोंदी संशयित दुबार निघाल्या आणि अशा नावांपुढे दोन तारांकने मारण्याची वेळ राज्य निवडणूक आयोगावर आली. हा दोष गंभीर आहे, परंतु तो घुसखोरीचा नव्हे. तो आळसाचा आहे, काही अंशी मतदाराच्या आणि बऱ्याच अंशी यादी राखणाऱ्या यंत्रणेच्या.

आता कागदांकडे वळू. बिहारमध्ये आयोगाने प्रथम अकरा कागदपत्रे मान्य केली : जन्मदाखला, पासपोर्ट, शालान्त प्रमाणपत्र, जातीचा दाखला, वनहक्काचे प्रमाणपत्र इत्यादी. आधारपत्र हे बारावे म्हणून घ्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ८ सप्टेंबरला द्यावा लागला. ही यादी या किनाऱ्याला लावून पाहावी. आखातात वीस वर्षे काढलेल्याकडे पासपोर्ट आहे. जो कधीच गाव सोडून गेला नाही त्याच्याकडे तो असण्याचे कारण नाही. देश सोडून गेलेला कागदाने पक्का भारतीय आणि न सोडलेला संशयित, असा विचित्र न्याय यातून निघतो. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमारांना अंगठ्याच्या ठशांसह ओळखपत्रे देण्यात आली. सरकारने स्वतः सुरक्षेसाठी तपासून दिलेल्या त्या ओळखपत्राचा अकरांमध्ये नामनिर्देश नाही. रायगडातील कातकरी कुटुंबांची गोष्ट याहून बिकट. निम्मे वर्ष ती वीटभट्टीवर असतात. मुलांची शाळा सुटते, जन्माची नोंद राहून जाते. कातकऱ्याला बांगलादेशी कोणी म्हणणार नाही. पण घरी न सापडल्याने गळालेले नाव घुसखोराचे नाही, एवढ्याने ते परत येत नाही.

अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे लागू पडतो. एखाद्या कागदावर माणसाचे सर्वस्व अवलंबून ठेवले की त्या कागदाची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की तो विकणारा उभा राहतो. ज्याचा धंदाच बेकायदा आहे तो ती किंमत मोजतो. प्रामाणिक गरिबाला ती परवडत नाही. उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांच्या प्रकरणात महाराष्ट्राने हे पाहिले. माजी खासदार किरीट सोमय्या यांच्या आरोपांनंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने मालेगाव प्रकरणी विशेष तपास पथक नेमले. आरोपांतले किती खरे हा तपासाचा भाग. पण दाखला ज्या टेबलावरून निघतो ते टेबल सीमेवर नसते, तहसील कचेरीत असते. राजुरा मतदारसंघात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी मतदार नोंदणीसाठी आलेल्या ७,५९२ अर्जांपैकी ६,८६१ अवैध ठरून फेटाळले गेले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. तेथेही कोणी नदी ओलांडून आले नव्हते.

आणि आगरदांड्यासमोरच्या दिघीला तर हा धडा कोणी सांगायला नको. जानेवारी १९९३ मध्ये याच दिघीच्या जेट्टीवर शस्त्रे उतरली, फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. खटल्यात शिक्षा झालेल्यांत तस्करांबरोबर कस्टमचे अधिकारी होते, पोलीस होते. कायदे होते, चौक्या होत्या, गस्त होती. माल उतरला तो पैसे घेऊन डोळे मिटले गेले म्हणून. याउलट २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या अनोळखी तरुणांना हटकले ते तेथल्या सामान्य कोळ्यांनी. परका कोण हे किनाऱ्यावरच्या माणसाला सरकारच्या आधी कळते. त्यालाच संशयिताच्या रांगेत उभे करणारी व्यवस्था स्वतःचे डोळे गमावून बसते.

या साऱ्या मोहिमेचे ओझे प्रत्यक्षात पडते ते मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यावर. हा अधिकारी म्हणजे बहुधा गावचा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत नोव्हेंबर २०२५ पासून दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा कामाच्या ताणाच्या इतक्या तक्रारी आल्या की जादा माणसे द्या असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले. स्थानिक निवडणुकांमुळे महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता. नागरिकत्वासारखा प्रश्न, ज्यावर न्यायाधीशांचे एकमत होणे कठीण, तो शाळा सुटल्यावर दारोदार फिरणाऱ्या मास्तरांनी अर्जाच्या एका चौकटीत सोडवावा अशी अपेक्षा करणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

मग यादी शुद्ध करू नये काय? अवश्य करावी. परंतु कोकणात ती जून-जुलैत, मासेमारी बंद असताना करावी. तेव्हा खलाशी घरी असतो आणि कातकरी भट्टीवरून परतलेला असतो. गणपतीत केली तर गाव दुप्पट भरेल, आणि मासेमारीच्या हंगामात केली तर निम्मे ओस दिसेल. मृतांची नावे ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीवरून वर्षभर काढता येतात. त्यासाठी कोणाचे नागरिकत्व तपासावे लागत नाही. वगळलेल्या प्रत्येक नावापुढे कारण छापून ते चावडीवर लावावे. बिहारमध्ये ६५ लाख नावे कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला, तशी पाळी पुन्हा आणू नये. ज्याचे नागरिकत्वच संशयास्पद वाटते त्याचे प्रकरण सक्षम अधिकाऱ्याकडे जावे आणि निर्णय होईपर्यंत नाव कायम राहावे. आणि वगळलेल्यांपैकी किती जण चौकशीअंती परदेशी ठरले, त्यांतले किती परत पाठवले गेले, त्यांना कागद देणाऱ्या किती कर्मचाऱ्यांवर खटले भरले, हे तीन आकडे गृहमंत्र्यांनी, ज्या सभागृहात तीन क्रियापदे उच्चारली तेथेच, जिल्हावार मांडावेत.