गाडी किती देते?

आपल्याकडे मोटार घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : "ॲव्हरेज किती देते?" दुभती म्हैस घेताना दुधाची चौकशी करावी, तशीच ही भाषा. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे या 'ॲव्हरेज'चे मला फार कौतुक वाटते. शब्दाचा अर्थ सरासरी. पण ती काढतो कोण? एखाद्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर जो आकडा पडला, तोच गृहस्थ पुढे वर्षानुवर्षे लग्नकार्यांतून सांगत हिंडतो.

खरा आकडा काढणे मुळीच अवघड नाही. पंपावर टाकी भरावी. नळी आपोआप बंद झाली की थांबावे, वर थेंब-थेंब ओतवून घेऊ नये. किलोमीटरचा आकडा टिपावा. नेहमीसारखी गाडी वापरावी आणि टाकी बरीच उतरली की शक्यतो त्याच पंपावर तशीच पुन्हा भरावी. मधले अंतर ४२० किलोमीटर आणि पेट्रोल मावले २८ लिटर, तर लिटरला १५. एका खेपेवर विसंबू नये, चार-पाच खेपा टिपाव्यात. एकेरी प्रवासावर तर भरवसा ठेवूच नये. मुंबईहून पुण्यास येणारी गाडी सुमारे ५५० मीटर चढून येते आणि परतताना तेवढीच उतरते. 'पुण्याहून येताना २२ दिले' असे सांगणाऱ्याने थोडे श्रेय घाटालाही द्यावे!

हिशेबातही एक गंमत आहे. शहरातल्या १०० किलोमीटरांत लिटरला १० पडले, बाहेरच्या १०० किलोमीटरांत २०. सरासरी किती? पटकन १५ म्हणाल; पण पेट्रोल लागले १० अधिक ५, म्हणजे १५ लिटर, आणि अंतर झाले २००. भागाकार येतो १३.३. एकूण अंतराला एकूण पेट्रोलाने भागावे, हाच खरा मार्ग.

मग कंपनीने सांगितलेला आकडा खोटा का? तसे नव्हे. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून, ठरावीक वेगांच्या क्रमाने तपासतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. पण रोलरवर खड्डे नसतात, अचानक वळणारी रिक्षा नसते, आणि मागे फराळाचे डबे मांडीवर घेतलेली आत्याही नसते.

आकडा वाढवायचा तर सुरुवात उजव्या पायापासून करावी. पेट्रोल जाळून मिळवलेली गती ब्रेक दाबताच उष्णता होऊन वाया जाते. पुढचा सिग्नल लाल दिसला, तर आधीच पाय काढावा. वेग ८० वरून १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. चाकांतली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. टपावरचे रिकामे कॅरियर उतरवावे, डिकीतले अडगळीचे सामान माळ्यावर जाऊ द्यावे. फाटक बंद असेल तर इंजिनही बंद करावे.

एवढ्याने काय साधते? वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणारी गाडी साडेबारावरून १५ वर आली, तर १३३ लिटर वाचतात. लिटरला १०० रुपये धरले, तर १३,००० रुपयांच्या वर. मुलांच्या पुस्तकांची तरतूद त्यातून सहज होईल. शिवाय देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, तेही ओझे तेवढेच हलके होईल.

पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. आपणही गाडीच्या कप्प्यात एक लहानशी वही ठेवावी : तारीख, किलोमीटर, लिटर. दोन-तीन महिन्यांत घरातले कोण कशी गाडी हाकते, तेही त्या वहीत उमटेल. मात्र त्यावरून फराळाच्या ताटावर वाद काढू नये, एवढीच विनंती.